कराडच्या पेठेतला बॅले

शंकरराव गेल्याची बातमी मला सांगलीच्या एसटी स्टँडवर कळली. त्यांच्या बँडमधला ढोलवाला भेटला. "बाई, शंकरराव गेलं. पंधरा दिस झालं," म्हणाला. हातातली पिशवी खाली ठेवून मी तिथंच बाकावर बसले... तीन वर्षं मी त्या माणसाशी अबोला धरला होता. आता बोलायचं ते राहूनच गेलं.

उंब्रजचे शंकरराव फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. जाझची गोडी त्यांना तिथंच लागली. पेन्शनीत आल्यावर ते वरातीत वाजवू लागले. मी तेव्हा कराडात शाळेत नाच शिकवत असे, आणि जिभेला हाड नव्हतंच. कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी एका जुन्या जाझ बॅलेची तबकडी हाती आली आणि मला वेडच लागलं. हा बॅले भर पेठेत नाचायचा, त्याची फिल्म करायची! शंकररावांनी तबकडी ऐकून ऐकून सगळं संगीत वरातीच्या बँडवर बसवलं. "लय ग्वाड हाय वो, पर पाय मोडत्याल तुमचं," म्हणायचे. पुण्याचा मावसभाऊ एका दिवसापुरता कॅमेरा घेऊन आला. महिन्याभरात माझं लग्न होतं आणि सासरी नाच चालणार नव्हता. जे व्हायचं ते त्याच दिवशी.

शेवटचा तुकडा उरला होता. पुढं मी नाचत, मागं बँड. आणि मध्येच क्लॅरिनेट थांबलं, पाठोपाठ सगळा बँड थांबला. मी गर्रकन शंकररावांकडे वळले.

"आवं बाई, ह्या घरात काल माणूस गेलंय. दारातनं वाजवत न्हाई जायचं. तुमी..."

पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. भर पेठेत तोंडाला येईल ते बोलले. तेवढ्यात कॅमेऱ्यातली उरलीसुरली फिल्म संपली, बॅले अपुराच राहिला. माझ्या लग्नात ते आपणहून वाजवायला आले, तर मी मान वर केली नाही.

ते गेल्याचं कळल्यानंतर, गेल्या आठवड्यात मावसभावानं तो वाया गेलेला तुकडा मला भिंतीवर दाखवला. मी हातवारे करून भांडते आहे. मागं शंकरराव उभे, क्लॅरिनेट काखेत, नजर माझ्या पायांवर, आणि उजव्या हातानं मांडीवर ताल धरलेला. माझ्यासाठी... कॅमेरा मुका होता, संगीत मागाहून भरायचं होतं. मी नुसती नाचत राहिले असते तरी बॅले पुरा झाला असता. "तुमी..." म्हणून ते हेच सांगत होते. नाच थांबवला तो मी.