थांबा नसलेलं वळण

भर पावसात, अंगावर रेनकोट आणि खाली स्वतःच्या मालकीची सायकल असताना तुम्ही कधी रस्त्यातल्या प्रत्येक एसटी थांब्यावर थांबलात? चढणारं कुणी नाही, उतरणारं कुणी नाही, तरी एक पाय टेकवून कंडक्टरच्या डबल बेलची वाट पाहिलीत? नसेल, तर माझ्या आत्याच्या यजमानांबरोबर तुम्ही अजून प्रवास केलेला नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, हे फक्त कागदोपत्री खरं आहे. माझ्या मते या माणसाने निवृत्तीनंतरही स्टिअरिंग एकदाही सोडलेलं नाही. हल्ली त्याचा आकार तेवढा बदललाय.

मंगळवार पेठेतून कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले तरी मामा आधी सायकलभोवती एक फेरी मारतात, दोन्ही टायरना लाथ घालून बघतात, हँडलला उदबत्ती ओवाळतात आणि मगच टांग टाकतात. वळताना अख्खा हात बाहेर काढतात. शाहूपुरीत एकदा त्या हाताने एका सभ्य गृहस्थांची टोपी उडाली होती, आणि मामांनी उलट त्यांनाच विचारलं होतं, "पावणं, शिग्नल दिसला न्हाय व्हय?" दुसऱ्याच्या गाडीत बसणं मात्र त्यांना अजिबात जमत नाही. चुलतभावाच्या कारमधून आम्ही एका लग्नाला गेलो तेव्हा मामा त्याच्या शेजारी बसले होते. दोन तास त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता आणि डोळे रस्त्यावर खिळलेले. कार्यालयात पोचल्यावर पंगत सोडून ते थेट सतरंजीवर आडवे झाले. लई चालवली आज, म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांचा डावा गुडघा बदलायला सांगितला. क्लच दाबून दाबून झिजलेला गुडघा तो. तारीख गणपतीनंतरची ठरली, आणि त्यानंतर सायकलवरून घाट विसरायचा, असंही बजावलं. आत्याला हायसं वाटलं. मामांनी मात्र मला गच्चीवर बोलावून मनातलं सांगितलं. कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्या घाटांत त्यांनी उभी नोकरी काढली, पण पावसातला घाट त्यांनी बघितलेला नव्हता. बघणार कधी? पाठीमागे पन्नास जीव, पुढे निसरडा रस्ता, आणि खिडकीतली मंडळी 'अगं, धबधबा बघ' म्हणून एकमेकींना हलवतायत. त्या प्रत्येक 'बघ'सरशी मामांनी नजर रस्त्यावर आणखी घट्ट रोवली. आता कारने न्यावं, तर तिथेही ते रस्त्याकडेच बघणार. उरली सायकल, आणि उरला हा एकच पावसाळा.

घरात मोर्चांच्या पत्रकांचे गठ्ठे बघत वाढलेली मी. लगेच पेटले. माणसाला तीस वर्षं घाटातून न्यायचं आणि घाट दाखवायचा नाही, ही सरळ चोरी आहे, मी म्हणाले. मामांनी शांतपणे विचारलं, "चोरी कसली? पगार घेतलाय की." आणि माझी कंडक्टर म्हणून नेमणूक झाली.

चार दिवसांचा मार्ग ठरला. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढायचा आणि घरी यायचं. मामांच्या हँडलला पुठ्ठ्याची पाटी होती, 'कोल्हापूर ते कोल्हापूर'. मागून माझ्या सायकलची घंटा एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. एरवी कंडक्टरने तोंड बंद ठेवायचं. पहिल्याच दिवशी पाटीची शाई ओघळून मामांच्या खाकी पँटवर आली आणि आमचा मार्ग त्यांच्या मांडीवर वाचायची वेळ आली. एका थांब्यावर एक म्हातारी पिशवी डोक्यावर धरून उभी होती. एसटी गेली का, तिने विचारलं. मामांनी मोठ्या अधिकाराने, मागंच हाय, म्हणून सांगितलं आणि गाडी येईपर्यंत तिच्याबरोबर पाऊण तास भिजत थांबले. थांब्यावर माणूस सोडून गाडी रिकामी न्यायची नसते, हे मला ऐकवलं ते वेगळंच. संध्याकाळी स्टँडवर ते कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन सायकलच्या वेळेची नोंद मागू लागले. तो पोरगेला कंट्रोलर आधी हसला, मग मामांची पँट बघून गंभीर झाला आणि एका रद्दी कागदावर वेळ, सही, शिक्का देऊन मोकळा झाला. मामांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला. त्या रात्री ते फार समाधानाने घोरले.

फोंडा घाट दुसऱ्या दिवशी धुक्यात बुडालेला होता. पुढचं चाकही नीट दिसत नव्हतं, पण मामा प्रत्येक वळण आधी सांगत उतरत होते. आता डावं, आता मोरी, आता खड्डा. खड्डा खरोखरच येत होता. मध्येच ते थांब्यावर थांबले आणि पांढऱ्या भिंतीसारख्या धुक्याकडे बोट दाखवून विचारलं, "पलीकडं काय असतंय गं?"

दरी, मी म्हणाले.

"ते म्हाईत हाय. दरीत काय असतंय?"

मी सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. सांगू नगंस, मला बघायचंय, म्हणाले. आम्ही वाट पाहिली. धुकं हललं नाही. तिसरा दिवसही तसाच गेला, आणि मामांच्या गुडघ्याला एवढी सूज आली की वैभववाडीतून बसने परत जाऊ, असं मी दोनदा सुचवून पाहिलं. ते ऐकलं न ऐकलं करत गुडघ्याला तेल चोळत राहिले.

चौथ्या दिवशी शेवटचा घाट. मामा उजव्या पायानेच चढवत होते; डावा नुसता पॅडलवर पाहुण्यासारखा बसला होता. निम्मा घाट चढलो आणि एका वळणावर अचानक वारा सुटला, धुकं फाटलं आणि खालचं सगळं कोकण उघडं पडलं. मी ओरडले, मामा, बघा. मामांची मान ताठ झाली आणि नजर रस्त्यात रुतली. तीस वर्षांचा तो हुकूम माझ्या ओरडण्याने मोडणार नव्हता. मामा, अहो बघा, मी पुन्हा ओरडले, तर ते आणखी खाली वाकून पॅडल मारायला लागले. धुकं पुन्हा वर सरकत होतं. तेव्हा कुठे मला माझी नोकरी आठवली. मी एकदाच घंटा वाजवली.

सायकल जागच्या जागी थांबली.

"हितं थांबा न्हाय," मामा समोर बघतच म्हणाले. "कोण उतरतंय?"

"तुम्ही," मी म्हणाले.

ते उतरले. सायकल कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि मग हळूहळू वळले. खाली भाताची खाचरं लखलखत होती, समोरच्या कड्यावरून पाणी पडण्याऐवजी वाऱ्याने उलटं वर उडत होतं. मामा कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ह्ये रोज हितंच हुतं व्हय?" आणि थोड्या वेळाने, "बरं झालं बघितलं न्हाय. बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नसतो." भीतीने की मोहाने, ते मी विचारलं नाही. त्यांचे डोळे बघून मला पुढची घंटा वाजवता येईना.

तेवढ्यात खालून एसटी वर आली. मामांनी हात केला. ड्रायव्हरनेही हात वर केला, पण नजर रस्त्यावरून काढली नाही. मामा म्हणाले, "शाणा हाय. पण त्याला कुणीतरी दावाय पायजे."

आता मामांचा गुडघा नवा आहे. ते गल्लीच्या टोकापर्यंत काठी टेकत जातात, आणि पाऊस लागला की पश्चिमेला, घाटाच्या दिशेने बघत उगाचच उभे राहतात.

म्हणून विनंती आहे. येत्या पावसाळ्यात एसटीने घाट चढलात आणि माथ्यावर गाडी चहाला थांबली, तर ड्रायव्हरच्या हातात एक कप द्या आणि त्याला कठड्यापर्यंत घेऊन जा. काही समजावू नका. तो घड्याळाकडे बघेल, उशीर झाला म्हणेल. त्याचा चहा संपेपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहा.