सुपाखालची पाटी आणि माझा भोंगा

सत्तरच्या आगेमागे नागपुरात आमचं एक इवलंसं महिला मंडळ होतं. चिटणीस मी. नुकतीच बी.ए. झालेली, म्हणजे दीडशहाणीच.

मोहल्ल्यातल्या देवळाच्या सभागृहात दुपारी आम्ही बायांना लिहायला-वाचायला शिकवायचो. बाया यायच्या त्या सूप घेऊन. तांदूळ निवडायला जातो असं घरी सांगायचं आणि इथे येऊन सुपाखालून पाटी काढायची. तास संपला की पाटी खाली, तांदूळ वर. मला हे भारी मागासलेलं वाटायचं. शिकायचं तर ताठ मानेनं शिकावं, असं मी त्यांना रोज ऐकवायचे. त्या माना डोलवायच्या आणि पाटी सुपाखाली सारायच्या.

त्यात पिठाच्या गिरणीवाल्या काकू होत्या. त्यांची एकुलती एक लेक खापरखेड्याला दिलेली, वीज केंद्राच्या वसाहतीत. काकूंनी तिकडे जायचं तर काकांना गिरणी बंद ठेवून सोबत जावं लागे, आणि काका काही गिरणी बंद ठेवत नसत. काकूंना बसवरचं गावाचं नाव वाचता यायला हवं होतं, बस्स. बाकी ज्ञानाशी त्यांना घेणंदेणं नव्हतं.

बाया काही वाढेनात. तेवढ्यात निवडणूक झाली आणि माझ्या डोक्यात भोंगा शिरला. भोंग्यावरून लोक मतं मागतात, तर मी बाया का मागू नये?

सायकलरिक्षावर भोंगा बांधला, माईक हातात घेतला. आपलाच आवाज गल्लीभर घुमताना ऐकला आणि मी स्वतःच्या प्रेमात पडले. ‘भगिनींनो, भगिनींनो’ करत सगळा मोहल्ला पालथा घातला. गिरणीच्या ओट्यावर काकू दिसल्या. मला वाटलं, जिवंत उदाहरणासारखं दुसरं काही नाही. म्हणाले, "या आपल्या गिरणीवाल्या काकू पाहा. परवापर्यंत अंगठा लावायच्या, आज अक्षरं गिरवतात. तुम्हीही या." दळणाच्या रांगेतल्या सगळ्यांनी वळून काकूंकडे पाहिलं. काकू आत गेल्या. मला वाटलं, लाजल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी आणि पुजाऱ्याचं मांजर. तिसऱ्या दिवशी मांजरही नाही. आता यातून शहाण्या माणसानं काय समजावं? मी समजले की एक भोंगा कमी पडला, पुढच्या वेळी दोन लावू.

ते दोन भोंगे ठरवायलाच मी निघाले होते, वाटेत काकूंकडे डोकावले. त्या आतल्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काहून आली वं? अजून कोणाले सांगायचं राहिलं का?"

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर भिरकावला.

"आमी सुपाखाली झाकलं, तू वेशीवर टांगलं. विहिणीले म्या चौथी पास सांगतलं होतं. तिची भाची याच गल्लीत रायते. आता कोण्या तोंडानं जाऊ मी पोरीच्या घरी?"

घरी येऊन मी रडले. खूप रडले. मग वाटलं, जाहीर माफी मागावी. कशावरून, तर भोंग्यावरून. जित्याची खोड, दुसरं काय.

शेवटी आईचं सूप उचललं, त्यात तांदूळ घातले आणि सभागृहाच्या पायरीवर निवडत बसले. कोणाला ‘या’ म्हणाले नाही. पण निवडणं मला येत कुठे होतं? खडे सुपात राहत आणि तांदूळ पायरीवर सांडत. येता-जाता बाया बघायच्या. असे बरेच दिवस गेले. एकीला अखेर राहवेना. "आण वं इकडे," म्हणाली, "चांगले तांदूळ मातीत घालून राहिली." तिच्या मागून दुसरी आली. दोघी मला पोटभर हसल्या आणि मग हळूच आत जाऊन बसल्या. बी.ए. झालेल्या पोरीला तांदळातला खडा दिसत नाही, ही बातमी भोंग्याशिवाय मोहल्लाभर पोचली.

ती ऐकूनच बहुधा काकूही आल्या, सगळ्यांत शेवटी. आपलं सूप खाली ठेवलं, पाटी काढली, बोलल्या काहीच नाहीत. मीही काही बोलले नाही. माझ्यासाठी ते फार अवघड होतं.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस काकू आल्या नाहीत. आता मी काय बोलून बसले? तशीच गिरणीवर गेले. काका भुवयांपर्यंत पिठानं माखलेले. गिरणीच्या घरघरीत मी ओरडून विचारलं, "काकू कुठे आहेत?"

काकांनी गिरणी बंद केली. रांगेतली माणसं कुरकुरली, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"खापरखेड्याले गेली," ते म्हणाले. "एकटीच. मी म्हटलं, बसमधी बसवून देतो, तर म्हणे मले वाचता येते. विहिणीले काय सांगशीन म्हटलं, तर म्हणे खरं सांगीन." मग भुवयांवरचं पीठ पुसत म्हणाले, "बाई, तो तुमचा भोंगा भेटन का आज?"

मी हात जोडले. भोंगा नको म्हणाले.

काका रांगेकडे वळले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. गिरणी बंदच होती.