खाडीतून परत आलेला नारळ
ओला नारळ खवताना वास आला की मला आयर्लंडच्या पश्चिमेची, हिमनदीने कोरलेली ती अरुंद खाडी आठवते. डब्लिनजवळच्या मेनूथहून आम्ही चार कुटुंबं मिनीबस करून निघालो होतो. नागपूरहून आलेली आई सोबत होती. डॉल्फिन दाखवणारी बोट खाडीच्या मध्यावर थांबली, दोन काळ्या पाठी वर आल्या, सगळे श्वास रोखून बघू लागले, आणि आईने पिशवीतून नारळ काढला, हळदकुंकू वाहिलं आणि धप्पकन पाण्यात सोडला. डॉल्फिन गेले ते गेलेच. बोटवाल्याने जाळीने नारळ उचलला, माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इथे कचरा टाकायचा नाही." माझे कान तापले. "काय म्हणून राहिला तो?" आईने विचारलं. मी म्हणालो, "समुद्राने प्रसाद परत दिला, म्हणतोय." आईने त्याला भक्तिभावाने हात जोडले. तो गोंधळून "ग्रँड, ग्रँड", म्हणजे तिकडचं 'ठीक आहे, ठीक आहे', म्हणत मागे सरला. परतताना आईने नारळ फोडून वाटला आणि खरं माहीत असलेल्या सगळ्यांनी तो खाली मान घालून खाल्ला. अजूनही शेजारणी जमल्या की ती मला व्हिडिओ कॉल लावते, "सांग न रे, काय म्हणाला होता तो देवमाणूस?" आणि मी सांगतो.