टोपलीत ठेवायचं एक अंडं

मुलांची बुद्धी मोजण्यात माझी तीस वर्षं गेली. समोर ठोकळे, हातात घड्याळ, आणि खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलाचे गुण कमी. ते मूल बाहेर काय पाहत होतं, हे लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता. निवृत्त झाल्यावर वारज्यात भाड्याने राहायला आलो आणि दुसरा उद्योग नसल्यामुळे घरमालकीणबाईंच्या कोंबडीच्या मागे लागलो.

बाईंच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. मागच्या अंगणात एक तांबडी गावरान कोंबडी तेवढी उरली होती. मी दोन वाट्या पालथ्या घालून तिच्या देखत एकीखाली ज्वारी ठेवायचो. तीनदा तिने बरोबर वाटी उलटवली. चौथ्यांदा माझ्याकडे पाठ फिरवून माती उकरत बसली. मी वहीत 'नापास' लिहिलं. तिचं पोट भरलं असावं, पण परीक्षकाला असलं काही सुचत नाही. घार दिसली की ती एक आवाज काढायची, मांजर दिसलं की वेगळा. त्याचे गुण कशात धरायचे, तेही मला ठरवता येईना.

ती अंगणातल्या टोपलीत अंडी घालायची. बाई ती उचलताना एक मागे ठेवत. "समदी नेली तर ती जागा बदलती, सर. एक ठेवलं की तिला वाटतं, हायती आपली अंडी."

म्हणजे पाच आणि एक यांतला फरक तिला कळत नाही, पण एक आणि शून्य यांतला कळतो? बाईंच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र पुरावा हवा होता. एका दुपारी बाई झोपलेल्या असताना मी ते शेवटचं अंडं उचललं आणि माझ्या फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून टोपली रिकामी. निकाल हाती आला म्हणून मी खूश होतो. बाईंनी दुखरे गुडघे सांभाळत अंगण धुंडाळलं, त्यांना काही सापडलं नाही.

दहा-बारा दिवसांनी, एका शनिवारी, त्या जिन्यात भेटल्या. "अंडं बंद केलं तिनं. उद्या जावई यायचाय, कापून टाकते."

तिने अंडी बंद केलेली नाहीत, जागा बदलली आहे आणि ती माझ्यामुळे, हे फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण साठी उलटलेल्या, 'सर' म्हणवून घेणाऱ्या माणसाने अंडं चोरल्याचं कबूल कसं करायचं? मला लाज वाटली. "बरं," म्हणालो आणि वर गेलो. रविवारी बाईंनी रश्शाची वाटी आणून दिली. ती मी मोरीत ओतली.

बुधवारी पार्किंगमागचे जुने पत्रे हलवले, तर खाली सात अंडी निघाली. बाईंनी वाकून ती मोजली. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, वही आणि फ्रिजसकट.

बाई रागावल्या नाहीत. एकेक अंडं उचलून त्यांनी पदरात घेतलं.

"शनवारी जिन्यात सांगायचं की, सर," त्या म्हणाल्या. "तिला थोडंच बोलता येत हुतं."