तारेला म्हटलेले दोन शब्द

कुंडलला मी एका पोरीचा पियानो सुरात लावायला गेलो होतो. ती स्वतःच गाणी रचते आणि गाते, हे ऐकून मी मनात नाक मुरडलं होतं. किल्लीनं तार चढवताना "अजून थोडं, अजून थोडं" पुटपुटायची मला खोड आहे. ती डोळे मिटून ऐकत होती. काम संपल्यावर ती पियानोशी बसली आणि तेच दोन शब्द संथपणे गाऊ लागली. माझ्या हातातली किल्ली हातातच राहिली.

"काका, हे कुणाला म्हणत हुता?"

"तारेला."

"तारेला कुणी एवढ्या मायेनं म्हणतंय व्हय?"

शेवटच्या आजारात बायकोला पेज भरवताना मी असंच म्हणायचो. ती जाऊन नऊ वर्षं झाली. माझा आवाज अजून तिच्या उशाशी बसलाय, हे त्या परक्या पोरीनं तासाभरात ओळखलं.