मेतकुटाची पहिली ऑर्डर

आईच्या मसाल्यांची वेबसाइट बनवली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला कॉम्प्युटरचं सगळं येतं असा आईचा समज. खरं तर मी व्हिडिओ बघत, अडखळत शिकत होते. फोटो उजेडात काढा, रंग कमी ठेवा, ऑर्डरचा फॉर्म छोटा ठेवा, एवढं कळलं होतं. नवघरच्या आमच्या खोलीच्या गॅलरीत स्टीलच्या ताटल्या मांडून मी फोटो काढले. मसाला, कुळथाचं पीठ, मेतकूट.

साइट सुरू करण्याआधी एक खोटी ऑर्डर टाकून बघायची असते. मी फोन आईच्या हातात दिला.

"कुठलंही नाव टाक गं. नुसतं चालतंय का बघायचंय."

ती बराच वेळ टाइप करत होती. फोन परत आला तेव्हा नावाच्या जागी माझ्या दादाचं नाव होतं. पत्ता नवघरमधल्याच जुन्या चाळीतल्या खोलीचा. ती चाळ पाडून आता तिथे टॉवर झालाय. पाव किलो मेतकूट.

मी शाळेत असताना दादा तापाने गेला. शेवटी त्याला मऊ भात आणि मेतकूट एवढंच जायचं. तेव्हापासून घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. आई उठून कणीक भिजवायला लागली.

फॉर्ममध्ये ईमेल माझाच होता, म्हणून उत्तर माझ्याकडे आलं. मजकूर मीच लिहून ठेवलेला. 'प्रिय' आणि पुढे त्याचं नाव. तुमची ऑर्डर मिळाली, लवकरच पोहोचवू.

ती ऑर्डर तेव्हाच काढून टाकायला हवी होती. उद्या काढू म्हटलं आणि साइट सुरू केली. नव्या दुकानावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून कुणी काय घेतलं ते दाखवणारी एक पट्टी असते, तीही एका व्हिडिओत बघून लावली होती. लिंक सगळ्यांना पाठवली. खालच्या मजल्यावरच्या भाभी जिन्यातच भेटल्या.

"अरे वाह, तुम्हारी मम्मी तो सेठानी बन गई! खुलते ही ऑर्डर?"

मी हसले. मग मावशीचा रत्नागिरीहून फोन आला.

"अगो, हे काय दिसतंय मला? त्याने आत्ताच मेतकूट घेतलं म्हणून येतंय."

मी साइट उघडली. खालच्या कोपऱ्यातून पट्टी हळूच वर आली. नवघरहून, दादाचं नाव, आत्ताच. गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली. ऑर्डर एकच होती, म्हणून पट्टीला दुसरं दाखवायला काही नव्हतं. मला ते बंद करायचं होतं, पण मी तशीच बघत बसले.

"काढून टाक ते," मावशी म्हणत होती. "ताईने बघितलं तर काय होईल तिचं?"

आई माझ्या मागेच उभी होती. तिने फोन माझ्याकडून घेतला. "मीच टाकलंय गं," एवढंच बोलून तिने तो ठेवला.

मी पट्टी बंद केली. आता ऑर्डर राहिली होती.

"काढू का?" मी विचारलं.

"काढायचं म्हणजे काय करायचं असतं?"

मी तिला स्क्रीन दाखवली. ऑर्डरपुढे तीनच पर्याय होते. पूर्ण, रद्द, बाकी.

आईने ते तिन्ही शब्द ओठ हलवत वाचले. 'रद्द'वर तिचं बोट क्षणभर थांबलं, आणि तिने हात पदराला पुसला.

"बाकीच असू दे."

आता ऑर्डरी येतात. हाटकेशहून येतात, कधी पालीहूनही. सकाळी मिक्सर लावण्याआधी आई विचारते, "किती आहेत गं?" मी आकडा सांगते, दादाची ती एक धरून. आईला ते माहीत आहे. मेतकूट भरताना ती एक पाकीट बाजूला ठेवते, आणि संध्याकाळी परत डब्यात ओतते.