एसीत गायब होणारे फोड

स्किन क्लिनिकच्या काउंटरवर पाच वर्षं बसलात ना, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. अपॉइंटमेंट न घेता आपले आपण येतात! आमचं क्लिनिक कसबा पेठेत. डॉक्टरमॅडम कमी बोलतात, त्याची भरपाई मी करते. आणि शोभाताईंचं सांगायला लागले की मला अजून राहवत नाही!

*

शोभाताई मार्केट यार्डाजवळ पोळीभाजीचे डबे करतात. डोळ्यांभोवती पाणी भरल्यासारखे बारीक फोड आले, आणि डबे जातात त्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिथल्या देवधरकाकांनी टाकलं, "पोळीवाल्या बाईंना काहीतरी लागण झालेली दिसते." झालं! धडाधड डबे बंद.

ताई रडवेल्या होऊन आल्या, तासभर आमच्या एसीत बसल्या, आत गेल्या तर चेहरा साफ!

मॅडम म्हणाल्या, "फोड घरी ठेवून आलात का?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच!

*

तिसऱ्या खेपेला माझी ट्यूब पेटली. म्हटलं, "ताई, चला पॅन्ट्रीत, सगळ्यांना चहा करू." गॅसपाशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि एकेक फोड वर यायला लागला! मी ओरडतच धावले, "मॅडम, आले, आले!" वेटिंगमधले सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, कोणी मंत्रीच आला!

मॅडमनी एक फोड सुईने टोचला. स्वच्छ पाणी. "घामाच्या ग्रंथीची गाठ आहे. साधी. कॅन्सर नाही, कोणाला लागत नाही." मी पॅन्ट्रीच्या दारात उड्या मारायची बाकी होते!

*

मग उपाय. सुईने टोचलं तर पुन्हा भरतं. लेझरने जाळता येतं, डाग राहू शकतो. एकच मोठी असती तर कापून काढली असती. "नाहीतर शेगडीपासून लांब राहा."

"मग पोळ्या काय फ्रीजमध्ये भाजू?"

मॅडम हसल्या! पाच वर्षांत मी दुसऱ्यांदा पाहिलं.

ताई म्हणाल्या, "दुखत नाही, खुपत नाही, तर राहू देत. फक्त लोकांना पटायला हवं हो. माझं घर त्या डब्यांवर चालतं."

*

त्याच दिवशी एक आयटीवाला आला. डोळ्यांखाली घामाच्या ग्रंथींचेच, पण कडक, बारीक दाणे. लॅपटॉप उघडून चक्क प्रेझेंटेशन! लेझरचे सगळे प्रकार, तक्त्यासकट.

मॅडमनी शांतपणे सगळं पाहिलं. "छान. यात 'काहीच न करणे' ही स्लाइड कुठाय?"

"मॅम, त्यात काही करायलाच नाहीये ना!"

*

आणि मग ती मे महिन्यातली दुपार! देवधरकाका पायाचं कुरूप दाखवायला आलेले. तेवढ्यात शोभाताई थेट शेगडीपासून उठून आल्या, फोड टपोरे, हातात मॅडमसाठी पुरणपोळ्यांचा डबा. काका दोन खुर्च्या पलीकडे सरकले. ताईंनी ते पाहिलं आणि डबा पदराआड घेतला.

मॅडम बाहेर आल्या. एकदा काकांकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. हात पुढे करून डबा मागून घेतला, उघडला आणि तिथेच उभ्या उभ्या एक पोळी संपवली. मग एक मला दिली. तूप नुसतं ओघळत होतं! वेटिंगमधल्या बाकीच्या चारही जणांनी हात पुढे केले.

"काका, तुमचा नंबर," मी म्हटलं.

काका उठेनात. डब्याकडे बघत म्हणाले, "अहो, ती शेवटची आहे का?"

शोभाताईंनी झाकण लावलं.

"तुमच्या ग्रुपवर विचारून सांगते!"